उपरण्याखालची वाटाघाट

“गुणवंतराव दलालाने पिंपळगाव राजा गावच्या सहा भावांना उपरण्याखाली असे चीत केले, की त्यांनी मुकाट्याने सुमनला माहेरी धाडले.” नांदुऱ्याच्या कापूसबाजारात ही कथा आजही सांगितली जाते. सांगणाऱ्यांपैकी एकही तेथे हजर नव्हता. त्यांच्या हाताखालचा पोरगा म्हणून मी होतो, उपरण्याचे एक टोक माझ्याच मांडीवर होते.

गुणवंतराव कापसाचे दलाल. त्या काळी भाव तोंडाने बोलत नसत; उपरण्याखाली हात घालून बोटे दाबीत. या गृहस्थाला मात्र एकच ध्यास होता: युरोपातील सहा देशांच्या सामायिक बाजारात इंग्लंडला प्रवेश मिळणार की नाही. रेडिओवरील बातम्या संपल्या की ते बाजारात येऊन जाहीर करीत, “आज दोन बोटं सरकले!” बोलणी अडली की चिडत, “तोंडानं बोलून राह्यले, म्हणून अडलं. यायले कोनी उपरनं काऊन देत नाही?”

लोक त्यांना खुळे म्हणत. खुळे लोकच होते. गुणवंतरावांची एकुलती एक लेक सुमन पिंपळगावच्या सहा भावांपैकी धाकट्याला दिली होती. भर बाजारात यांनी त्या घरचा कापूस ओला ठरवला आणि सुमनचे माहेर बंद झाले. कापूस कोरडा होता असे चारचौघांत म्हणावे, एवढीच भावांची अट.

“ओला म्हंजे ओलाच!” गुणवंतराव म्हणत. दोन दिवाळ्या सुमनवाचून गेल्या. एकट्याने सहांना कसे वळवावे, हे ते इंग्लंडकडून शिकत होते.

एके सकाळी बातमी आली: सहा देशांपैकी एकाने इंग्लंडला नकार दिला, बोलणी मोडली.

“पाच राजी असून?” ते रेडिओकडे पाहतच राहिले. मग उपरणे खांद्यावर टाकून मला म्हणाले, “चाल बे, पिंपळगावले.”

ओट्यावर सहाही भाऊ बसले होते. थोरल्याने विचारले, “बोला मामाजी, कापूस कसा होता?”

गुणवंतरावांनी उपरणे पसरले.

“इथं कायचा सौदा?” थोरला हसला, पण त्याने हात आत घातला. हात बराच वेळ आतच राहिले. शेवटी त्यानेच घरात हाक दिली, “सुमनची ट्रंक भरा वो!”

किती बोटे दाबली, यावर आजही पैजा लागतात. कोणी तीन म्हणतो, कोणी चार. उपरणे माझ्या मांडीवरून घसरले तेव्हा मी डोळ्यांनी पाहिले आहे: बोट एकही दाबलेले नव्हते. गुणवंतरावांनी थोरल्याचा हात दोन्ही हातांनी नुसता धरून ठेवला होता.