सहावी गाठ

शिवकन्येला नर्सिंग शिकायला येऊन तीन महिने झाले होते आणि तेवढ्यात तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. जुन्या जालन्यातल्या त्या दवाखान्यात शिकवणाऱ्या मालनबाई सिस्टर रोज सकाळी बजावत, की डोकं थंड ठेवायचं, एका वेळी एकच काम धरायचं. आणि लगेच एका दमात पाच कामं सांगत. वहीत लिहायला थांबलं तर उशीर, तळहातावर लिहिलं तर घाण. दोन चुका झाल्याच होत्या. तिसरी झाली की कुंभार पिंपळगावला वडिलांना पत्र जाणार होतं, आणि वडील तर पोरगी कधी परत येते आणि कधी उजवून टाकतो, याचीच वाट बघत होते.

शेवटी तिनं आईची युक्ती काढली. एक काम, पदराला एक गाठ. नऊ वाजेपर्यंत पांढऱ्या पदराला सहा गाठी पडल्या आणि मग तिच्या ध्यानात आलं, की सहाही गाठी दिसायला सारख्याच. ताप बघायची कोणती आणि सलाइन बदलायची कोणती, हे गाठ थोडीच सांगणार? ती खाटांच्या मधोमध उभी राहून स्वतःवरच चिडली.

चार नंबरच्या खाटेवर मोडका पाय घेऊन महिनाभर पडलेली गोजरबाई हे बघत होती. तिला दुसरा उद्योगच नव्हता.

"पोरी, पयली बारा नंबरचा ताप. दुसरी कौसल्याची सलाइन," ती म्हणाली. "म्या समदं ऐकून राह्यल्ते."

गोजरबाई एकेक गाठ सांगत गेली, शिवकन्या केसपेपर बघून एकेक काम उरकत गेली. दहाला मालनबाई कंबरेशी काहीतरी चाचपत राउंडला आल्या, तेव्हा पदराला एकच गाठ उरली होती.

"ही कशाची?"

शिवकन्येच्या डोक्यात शुकशुकाट. तिनं गोजरबाईकडे पाहिलं. गोजरबाईनं छताकडे पाहिलं.

"ती उगंच हाय. वाऱ्यानं पदर उडू न्हाई म्हणून."

मालनबाईंना ते पटतच आलं होतं, तेवढ्यात गोजरबाईचा मुलगा पुंजाराम दारातून डोकावला. सकाळी आठपासून तो बाहेर रिक्षा थांबवून बसला होता. "सिस्टर, आईला सुट्टी कव्हा देऊन राह्यले?"

सहावी गाठ गोजरबाईच्याच सुट्टीच्या कागदांची, हे शिवकन्येला आता लख्ख आठवलं, पण काय उपयोग? मालनबाई म्हणाल्या, की आजच पत्र टाकते. शिवकन्येला म्हातारीचा असा संताप आला, की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं.

"पत्र नका टाकू, बाई," गोजरबाई खालमानेनं म्हणाली. "पोरीनं गाठ बराबर मारल्ती. म्याच सांगितली न्हाई. घरी म्या बोलले की सून टीव्ही मोठा करती. हितं मला इचारून कामं व्हतेत."

पत्राचं मालनबाईंनी पुन्हा नाव काढलं नाही. पुंजारामला सांगितलं, की आज रिक्षा परत पाठव, डॉक्टरांना उद्या पाय एकदा बघू दे. मग खाटेजवळ वाकून त्यांनी हळूच विचारलं, "गोजरबाई, औषधाच्या कपाटाची किल्ली मी कुठं ठेवली, बघितलं का तुम्ही?"

"खिडकीत. चहाच्या कपाखाली," गोजरबाई म्हणाली. "सकाळधरनं."