चौसष्ट जीबीच्या पेन ड्राइव्हची बखर

श्रीगणेशास नमन, श्रीशारदेस नमन, आणि विजेच्या खांबास विशेष नमन, कारण तो रुसला असता पुढील मजकूर लिहिणे घडत नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिले असता लिहिणाराचा बंदोबस्त होईल, श्रीमंत सरकारस्वारींचा साठीचा सोहळा थाटाने जाहला, आणि सरकारांनी प्रसन्न होऊन प्रत्येक कचेरीस व शाळेस एकेक पेन ड्राइव्ह इनाम दिला. एके बाजूस सरकारांची हसरी छबी, दुसरे बाजूस चौसष्ट जीबी ऐसी सोनेरी अक्षरे. लोकांनी तो मस्तकी लाविला, कुंकू वाहिले आणि कपाटात ठेवून कुलूप घातले. वापरावा ऐसे कोणाचे मनी आले नाही, म्हणोन येथवर राज्य सुखरूप होते.

मग ऐसे जाहले की कन्याशाळेचे संगणक जुने ठरले. त्यांतील प्रणाली ज्या पेढीची, तिने कळविले की यांची राखण यापुढे आमच्याने होणार नाही, नवी यंत्रे घ्यावी. दिवाण आबाजीपंत रेठरेकर यांनी ते पत्र वाचिले न वाचिले आणि हुकूम सोडिला की शनिवारी टेंपो येईल, सर्व यंत्रे भंगारात द्यावी, आणि मुलींस संगणक फळ्यावर काढून शिकवावा. फळ्यावरील संगणकाचे बटण दाबिले असता बोटास खडू लागतो, याहून अधिक विद्या त्यातून निघत नाही, हे दिवाणांस कोणी सांगावे? ते सांगावयास शाळेतील संगणकाच्या शिक्षिका सुलक्षणाबाई टिपरे दरबारी गेल्या आणि बोलिल्या, "दिवाणजी, यंत्रे धडधाकट आहेत. लिनक्स म्हणून प्रणाली आहे, जुन्या यंत्रावर उत्तम चालते आणि फुकट मिळते. तिची इमेज, म्हणजे हुबेहूब साचा, नेटवरून उतरवून ठेवली आहे. ती पेन ड्राइव्हवर उमटवली की त्या एका ड्राइव्हवरून सगळी यंत्रे एकेक करून उभी करते." दिवाण बोलिले, "फुकट म्हणता, मग उद्घाटन कोणाच्या हस्ते?" बाई बोलिल्या, "तुमच्याच. आधी चालू तर होऊ द्या." तेणे दिवाण संतुष्ट होऊन बोलिले, "टेंपो दारी येईतो एक यंत्र चालवून दाखवा, मग तो रिकामा पाठवू. मात्र ड्राइव्ह सरकारीच लावायचा. बाजारच्या ड्राइव्हातून रोग शिरतात."

मग बाईंनी कपाटातील इनामी ड्राइव्ह काढिला, कुंकू पुसिले आणि इमेज उमटविली. यंत्र म्हणाले, काम फत्ते. परंतु उमटले ते मुळाशी ताडून पाहावे ऐसी या कामी रीत आहे, ती त्यांनी पाळिली, तो ताळा जुळेना. पुन्हा उमटविले, पुन्हा जुळेना. आणखी कचेऱ्यांतून ड्राइव्ह मागून आणिले, त्यांचीही तीच गत. खोलात पाहता कळले की अंगावर चौसष्ट, पोटात दोन. दोन भरले की पुढे जे द्यावे ते गिळून "पोहोचले" म्हणावे आणि ठेवू काहीच नये. हा गुण माणसाचे ठायी असता तर दरबारी मानाचे पान मिळते, परंतु ड्राइव्हाचे ठायी इमेज बुडते आणि मुलींचे संगणक भंगारात जातात.

शनिवारी टेंपो दारी लागला आणि दिवाण मानकऱ्यांसह शाळेत आले. बाईंनी ताळ्याची हकीकत निवेदन केली, तो मंडळी बाईंवरच तापली. दिवाण बोलिले, "सरकारांनी दिलेल्या वस्तूवर ताळा घेता? घेतला म्हणून जुळला नाही. न घेतला असता तर काय बिघडले होते?" बाई बोलिल्या, "इमेज दोन जीबीत मावत नाही. ताळा न घेतला तरी यंत्र अर्ध्यात अडकलेच असते." इतक्यात टेंपोवाला आत डोकावून बोलिला, "बाई, हमाल खोळंबल्यात. उचलायचं का?" मग दिवाण इरेस पडून बोलिले, "सरकारांचा खास ड्राइव्ह आणा. तोही त्याच घाण्यातला. तो जुळला तर बाई, तुमची नोकरी गेली."

मग रेशमी रुमालात घालून तो ड्राइव्ह आणिला. बाई बोलिल्या, "इमेज उमटवली की यावरचे सर्व पुसले जाते. काही आहे का यावर?" दिवाण बोलिले, "सोहळ्याचे चित्रण आहे. सरकारांचे भाषण पुसायची कोणाची छाती आहे?" "यंत्राला छाती नसते, दिवाणजी. आधी नक्कल काढून ठेवा." "नक्कल? म्हणजे सरकारांचा ड्राइव्ह भरवशाचा नाही म्हणा की." मग पडद्यावर प्रश्न उमटला की सर्व पुसले जाईल, मान्य आहे काय, आणि बाईंनी माउस दिवाणांपुढे सरकावून म्हटले, "तुम्हीच वाचा आणि तुम्हीच दाबा." दरबारी जन्म गेलेला, वरून प्रश्न आला की मान डोलावणे हाडीमाशी खिळलेले, दिवाणांनी न वाचता "होय" दाबिले.

इमेज उमटली, ताळा जुळला, ड्राइव्ह लाविताच संगणक उभा राहिला आणि मुलींनी एकच गिल्ला केला. दिवाण गर्जले, "पाहा, ड्राइव्ह खरे आहेत." बाई बोलिल्या, "हा खरा आहे. बाकीच्यांच्या पोटात दोनच. एकाच घाण्यात असे दोन प्रकार कसे निघाले, तेवढे सांगा, मग मी राजीनामा लिहिते." मानकरी खिडकीबाहेर पाहू लागले. टेंपोवाला म्हणाला, "म्हंजे मोकळाच जाऊ म्हणा की," आणि गेला. सायंकाळपर्यंत बाईंनी त्याच ड्राइव्हवरून सर्व यंत्रे उभी केली आणि ड्राइव्ह रुमालात घालून सरकारांकडे परत गेला.

दुसरे दिवशी सरकारस्वारींनी पाहुण्यांस आपले भाषण दाखवावयास तो ड्राइव्ह लावून यंत्र चालू केले, तो पडद्यावर लिनक्स येऊन "आपले स्वागत असो" म्हणू लागला. सरकारांनी दिवाणांस विचारिले, "पुसण्याआधी यंत्राने काही विचारले नाही?" "विचारले, सरकार." "मग तुम्ही काय म्हणालात?" "होय, सरकार."

तात्पर्य, यंत्रे चालू आहेत, मुली शिकत आहेत, बाईंची नोकरी आहे. दोनाचे चौसष्ट करून राज्यास पुरविले कोणी, याची चौकशी जाहली नाही. चौकशी बसली ती इतकीच की ताळा घेण्याची परवानगी बाईंस कोणी दिली. घडले तैसे लिहिले. ज्यास खोटे वाटेल त्याने आपले कपाट उघडावे, कुंकू पुसावे आणि स्वतः ताळा घ्यावा.