बेसणं सुटल्यावर

सहाला पाच कमी असताना नीरानं पिलाजीरावांच्या हार घातलेल्या फोटोला हात जोडले, उठायला गेली, आणि उठलीच नाही.

आदल्या दिवशी फिजिओथेरपी शिकणाऱ्या तिच्या लेकीनं, मुग्धानं, तिच्याकडून साठ बैठका काढून घेतल्या होत्या. "मांडीच्या पुढे चार स्नायू असतात, आई. चौघं मिळून गुडघ्याची वाटी वर खेचतात, तेव्हा पाय सरळ होतो. बसताना तेच तुला सावकाश खाली सोडतात." आज सोडलं होतं त्यांनी, अगदी सावकाश. उचलायच्या वेळी मात्र चौघंही बेपत्ता.

लोक "जय श्रीकृष्ण" म्हणत निघाले. मांजलपुरातल्या मराठी घरांतही आता बेसणं, म्हणजे गेलेल्या माणसाच्या शोकाला बसणं, गुजराती रीतीनंच होतं: पांढऱ्या चादरी, पांढऱ्या साड्या, आणि चार ते सहा म्हणजे सहा. नंतर बसलेला माणूस एक तर घरचा, नाहीतर जेवायला थांबलेला. घरची मंडळी पाहुण्यांना पोचवायला खाली उतरली. थंडीचे दिवस, खोली अंधारून आली. दिव्याच्या उजेडात पिलाजीराव तिच्याकडेच बघत होते. जन्मभर रोज दोनशे बैठका काढलेला माणूस!

तिनं फोटोच्या टेबलाला धरलं. टेबल हललं, हार झुलला आणि पिलाजीराव कपाळाला कपाळ लागेल इतके पुढे वाकले. टेबल सोडून तिनं जमिनीवर हात टेकले.

"टेकू नकोस," कुणीतरी म्हणालं.

फोटोतले ओठ तर मिटलेले होते.

"उपयोग नाही. मी करून बघितलंय."

कोपऱ्यातल्या पांढऱ्या लोडांच्या ढिगाला डोळे फुटले. पिलाजीरावांची बायको!

"मोहनाकाकू! जीव गेला असता माझा."

"तीनपासून इथंच आहे गं. लोकांना वाटतं, दुःखानं बसलीय. दुःख आहेच. पण मांड्याही आहेत."

"मग सुनेला हाक मारायची."

"यशश्रीला? लगेच मुलगा म्हणेल, आईला एकटीला जमत नाही, घर बंद करा, चला सुरतेला. रोज हेच उठवायचे मला. कुणाला कळू दिलं नाही त्यांनी."

नीरा खुरडत कोपऱ्यात गेली. पाठीला पाठ लावली, कोपरात कोपर अडकवलं. जिन्यात चपला वाजल्या.

"काकू, आता!"

यशश्री दारात आली तेव्हा दोन तोंडांचं, पांढरं, कण्हणारं काहीतरी जमिनीतून इंचाइंचानं वर येत होतं. ती घाबरून मटकन खाली बसली.

"आई... पायच गेले हो माझे. उठवा ना."

उभ्या झालेल्या मोहनाकाकूंनी एका हातानं भिंत धरली, दुसरा पुढे केला.

"ऊठ. अशी कशी गं तू? तिकडे सुरतेला निभतं तरी कसं तुझं?"