कपाटातली दिलगिरी

सायनस म्हटलं की लोक घाबरतात. मी नाही! वाचून वाचून मला सगळं पाठ होतं. गालाच्या नि कपाळाच्या हाडांत पोकळ खोल्या असतात, त्यांची दारं सुजून बंद झाली की आत सगळं तुंबतं आणि माणूस कामातून जातो. उपाय? नाकात टाकायचे थेंब! एक थेंब टाकला की नाक असं उघडतं, जसं पाहुणे निघाले की घराचं दार!

गंमत एवढीच, की थोड्या वेळाने ते दुप्पट चोंदायचं. मग मी पुन्हा थेंब टाकायचे. लेकीला झोपवताना "झोप रे माझ्या सोन्या"चं "झोप रे बाझ्या सोड्या" झालं, तर ती माझ्या पाठीमागे वाकून बघायला लागली, ही दुसरी बाई कुठे लपलीय म्हणून!

त्यातच बाळंतपणानंतरचं आवाज देण्याचं पहिलं काम आलं. वॉशिंग मशीनच्या कंपनीत फोन केला की "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" म्हणते ना, ती बाई मी होणार होते. जमलं तर वर्षभराची सगळी कामं माझी. नाही जमलं तर माझ्या रजेत माझ्या जागी आवाज द्यायला चिकटलेल्या त्या कोकिळेची!

धावत डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"थेंब कधीपासून घालताय?"

"बाळ पालथं पडायला लागलं तेव्हापासून."

"आणि आता बाळ काय करतं?"

"उभं राहतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, हे थेंब फार तर तीन-चार दिवस घालायचे! आता सर्दी कधीच गेलीय, थेंबांनीच नाक चोंदलंय."

"मग एखादं जोरदार अँटिबायोटिक द्या ना!"

"कुणाला मारायला? थेंब बंद. हा दुसरा स्प्रे मी सांगते तसा मारा. आणि पाणी उकळून गार करून, त्यात ही मिठाची पुडी घालून नाक धुवा."

"उद्यापर्यंत आवाज मोकळा होईल?"

"नाक आहे ते, नळ नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलं. पाणी एका नाकपुडीतून घालायचं, दुसरीतून बाहेर येतं. आमच्याकडे ते घशात गेलं, कानात गेलं आणि उरलेलं नवऱ्याच्या इस्त्रीच्या शर्टावर. लेक टाळ्या पिटत होती. तेवढ्यात सासूबाई आल्या.

"ही माझी चहाची किटली ना गं?"

"उकळत्या पाण्यात घालूड ठेवते, आई."

"किटली घालशील. माझ्या मनाचं काय करशील?"

आणि दिवसभर त्या माझ्यासमोर, पण भिंतीकडे तोंड करून, पातेल्यातून पेल्यात ओतून चहा प्यायल्या!

संध्याकाळपर्यंत फाइल पाठवायची होती. माझा स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं कपाट. टांगलेल्या कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. लेक झोपताच आत शिरले, दार ओढलं, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं.

"आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आब्ही बडापासूड दिलगीर आहोत."

छे! पुन्हा. डोळ्यांतून पाणी, नाकातून सूं सूं. "आबची चूक झाली. कृपया राग बाडू डका."

धाडकन कपाट उघडलं. समोर सासूबाई, डोळे भरलेले!

"अगं बाई! कपाटात बसून रडतेस होय? एका किटलीपायी?"

"डाही हो आई, बी तर—"

"काही बोलू नकोस! मीच मेली फटकन बोलले. अगं, वस्तूचं काय एवढं! माणूस नीट हवं. पूस ते डोळे. जरा पाणी पी. मी आहे ना!"

आणि टांगलेल्या कपड्यांसकट त्यांनी मला मिठीत घेतलं. खरं सांगते, मग मात्र मी खरंच रडले. आमचे गळे ऐकून लेकही उठली आणि तिसरा गळा मिसळला. तिला कडेवर घेऊन, एका हाताने, मी फाइल पाठवून टाकली.

सगळीच्या सगळी, सासूबाईंसकट!

हे कळलं तेव्हा रात्र संपत आली होती. सकाळी मॅनेजरचा फोन.

"सॉरी सर, दुसरी पाठवते—"

"दुसरी कशाला? ही कालच लाइनवर लावली! लोक भांडायला फोन करतात आणि मशीन विसरून 'त्या ताई आता बऱ्या आहेत ना?' विचारून ठेवून देतात. तक्रारी एका रात्रीत निम्म्यावर आल्या! मशीन दुरुस्त करायची गरजच उरली नाही!"

मी फुगले. "म्हणजे वर्षभराची कामं माझी?"

"तुमची नाही हो. त्या दुसऱ्या बाई, 'जरा पाणी पी' म्हणणाऱ्या. त्यांचा नंबर द्या ना!"

माझं नाक आता ठणठणीत आहे. आवाज तर काचेसारखा! पण रोज दुपारी कपाट बंद असतं आणि मी बाहेर लेकीला घेऊन चवड्यांवर चालते. काल तिने नुसतं "बा" म्हटलं, तर दार किलकिलं झालं.

"सूनबाई, पोरीला जरा बाहेर फिरवून आण. घरात कुणी कामाला बसलंय, एवढं तरी कळायला हवं!"