चौकशीची खिडकी

जळगावात मेहरूणमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सुमनअक्कांना कुणीही काहीही विचारावं. उत्तर खरं मिळतं, चटकन मिळतं आणि विचारलं तेवढंच मिळतं. एकदा माझ्या बायकोनं त्यांना जिन्यात विचारलं, "अक्का, दूधवाला येऊन गेला का?" अक्का म्हणाल्या, "नाही." बायको पातेलं घेऊन दारात ताटकळत राहिली. दूधवाला आलाच नाही, कारण तो आदल्याच दिवशी अक्कांना सांगून गावी गेला होता. बायकोनं तक्रार केली तेव्हा अक्का शांतपणे म्हणाल्या, "येणार आहे का, असं कुठे विचारलंस?"

हा त्यांचा खवचटपणा आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं ते नाही. अक्का मूळच्या चोपड्याकडच्या. लग्न केलं नाही. जळगावहून भुसावळला रोज अप-डाउन करून त्यांनी स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीत नोकरी केली. त्या खिडकीपुढे माणसं एका श्वासात चार प्रश्न टाकतात आणि पाचव्याचं उत्तर मागतात. तिथे जास्तीचा एक शब्द बोलला की मागची रांग वाढते. निवृत्त झाल्यावर रांग गेली, सवय राहिली.

आता आमच्या खेळाबद्दल सांगतो. माझं चष्म्याचं दुकान आहे, माझा मित्र इरफान याचं विजेच्या सामानाचं. रविवारी दुपारी आम्ही पाच-सहा जण माझ्या घरी जमतो आणि एक अद्भुत गोष्ट खेळतो. इरफान गोष्ट चालवतो. आम्ही त्या गोष्टीतले वीर, चोर, मांत्रिक होतो. कुणाचा वार लागला आणि कुणाचा हुकला, ते फासे ठरवतात. चाळिशी उलटलेली माणसं तलवारी काय घेतात, म्हणून आमचे सासरेबुवा अजून मान हलवतात. हलवू देत.

अक्का पहिल्यांदा खाली आल्या त्या भांडायला. "मेला, मेला" असा आमचा ओरडा ऐकून त्यांना वाटलं, खरंच कुणी गेलं. राक्षस मेलाय असं कळल्यावर त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मागच्या रविवारीपण मेला होता ना? तुमचे राक्षस नुसते मरायलाच येतात का? त्यांना काही कामधंदा नाही?"

मी खुर्ची पुढे केली. अक्का बसल्या आणि त्या रविवारपासून आमच्या खेळाचं सोनं झालं, हे मी कुठल्याही व्यासपीठावर सांगायला तयार आहे.

गोष्टीत मोठा कपटी राजा आणि शेवटचा अजगर असतो. तो इरफानचा प्रांत. पण राजापर्यंत पोचायच्या वाटेवर अधूनमधून छोटे प्रसंग लागतात. खेळणारे त्यांना साइड एन्काउंटर म्हणतात. अक्कांना हा शब्द अजिबात मान्य नव्हता. एन्काउंटर पोलीस करतात, त्या म्हणाल्या. हे तर थांबे आहेत. मेन लाइन इरफानची, थांबे माझे. अशी वाटणी झाली.

आमचे वीर तेव्हा मधल्या पातळीवर होते. लांडग्याला घाबरायचे दिवस सरलेले, अजगराला भिडायचे आलेले नाहीत. अशा वीरांसाठी प्रसंग रचणं फार अवघड, असं इरफान म्हणायचा; सोपा केला तर जांभया येतात, कठीण केला तर सगळे मरतात. अक्कांनी ते एका शब्दात सोडवलं. "म्हणजे आरएसी," त्या म्हणाल्या. "वेटिंग संपलं, बर्थ मिळाला नाही. आरएसीवाल्याला झोपू द्यायचं नाही आणि उतरवायचंही नाही. बसता ठेवायचा."

आणि त्यांनी आम्हाला काय बसतं ठेवलं म्हणता. पहिल्याच थांब्यावर एक अवाढव्य राक्षस केळीचे घड खांद्यावर घेऊन आडवा आला. आम्ही शिरस्त्याप्रमाणे त्याला लोळवला. मग पुढच्या प्रत्येक गावात आम्हाला कुणी भाकरतुकडा देईना. अखेर एका म्हातारीनं सांगितलं की तो आपल्या मुलीच्या लग्नाला केळी घेऊन निघाला होता आणि अख्खं खोरं वऱ्हाडात होतं. अक्का म्हणाल्या, कुठे निघालास एवढं विचारलं असतंत तर जेवण मिळालं असतं.

मग आम्ही शहाणे झालो आणि विचारायला लागलो. पुढच्या थांब्यावर एका बोलक्या दगडाला मी विचारलं, "नदीवर पूल आहे का?" दगड म्हणाला, "आहे." आम्ही चिलखतं घालून दौडत निघालो. पूल अर्धाच होता. पूर्ण आहे का, असं मी विचारलं नव्हतं. तो रविवार आमचा चिलखतं वाळवण्यात गेला, आणि इरफान इतका हसला की त्याला ठसका लागला.

यातलं काहीही अक्का लिहून ठेवत नाहीत. फासे स्टीलच्या वाटीत घालून, वर ताटली धरून खुळखुळवतात आणि म्हणतात, "विचारा." त्या एका शब्दावर मांत्रिकालाही घाम फुटतो.

अक्कांचं नाव धुळ्याला गेलं. धुळ्यातही असाच एक गट खेळतो, वीरही आमच्यासारखेच मधले. ठरलं असं की आम्ही धुळ्याला जायचं आणि दोन्हीकडच्यांनी एकमेकांसाठी एकेक थांबा रचायचा. फोनवर बोलताना तिकडचा एक जण सहज म्हणाला, आजीबाईंचे थांबे म्हणजे शाळेतली कोडी असतात असं ऐकलंय. फोन स्पीकरवर होता आणि आजीबाई समोर बसल्या होत्या.

अक्का रागावल्या नाहीत. वाटी पुसत म्हणाल्या, "जिथे कोणी उतरत नाही तो थांबा बंद करतात. धुळ्याची मंडळी मध्येच उठली, तर मी थांबे बंद करीन." आम्ही हसण्यावारी नेलं. पण विचारलं नसताना अक्का स्वतःबद्दल काही बोलल्या होत्या, तेव्हा ते गमतीत नव्हतं, हे मला कळायला हवं होतं.

जाताना एसटीत त्यांनी मला आणि इरफानला थांबा समजावून दिला. डोंगरातली खिंड. खिंडीत दगडी दार. दाराशेजारी खिडकी आणि खिडकीत एक बाई. शत्रूची फौज मागे लागलेली, सूर्य मावळायच्या आत पलीकडे जायचंय. बाई खरं सांगते, पण विचारलं तेवढंच. दार एकाच प्रश्नाला उघडतं: याआधी गेलेले परत आले का? हा प्रश्न सुचला की बाई दार उघडते आणि आतला सुरक्षित रस्ताही दाखवते. मी म्हटलं, फार छान आहे. अक्कांनी एरंडोलला चहा घेतला नाही, पारोळ्यालाही घेतला नाही.

धुळ्याला एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत मांडणी होती. आधी त्यांचा थांबा आम्ही खेळलो. बरा होता, एवढंच म्हणतो. मग अक्का टेबलापलीकडे बसल्या. साडी नीट केली, वाटी पुढे ओढली. "विचारा."

धुळेकरांनी प्रश्नांची सरबत्ती लावली. दार कशाचं आहे? दगडाचं. किल्ली आहे का? नाही. दुसरी वाट आहे का? आहे. कुठे? मागे, फौजेतून. त्यांच्यातला भटूभाऊ, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा धिप्पाड गडी, त्याच्या वीरानं दारावर तलवार घातली. फाशावर सगळ्यात कमी आकडा पडला आणि तलवार मोडली. पुन्हा प्रश्न. पुन्हा तेवढीच उत्तरं. हळूहळू एकानं मोबाइल काढला. एक जण चहाचं बघतो म्हणून उठला. मी अक्कांकडे पाहिलं. आवाज तसाच खणखणीत होता, पण वाटीवरची ताटली त्या उगाचच पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या. इरफाननं मला खुणेनं विचारलं, सुचवू का? मी नको म्हणून खुणावलं. अक्कांना सुचवलेलं कळलं असतं.

"बठ्ठं इचारी व्हयनं," सगळे प्रश्न संपले तसा भटूभाऊ डोकं खाजवत अहिराणीत म्हणाला. "आते काय इचारानं?"

भटूभाऊ आपल्या वीराची मोडकी तलवार लिहिलेला कागद बोटानं सरकवत बसला. मग त्यानं मान वर करून खिडकीतल्या त्या बाईकडे, म्हणजे आमच्या अक्कांकडे, नीट पाहिलं. ओठ सुकलेले, कपाळावर घाम. आणि तो त्याच आपल्या घरच्या बोलीत म्हणाला, "अक्का, तुम्हनं जेवण व्हयनं का?"

हे त्याच्या वीरानं विचारलं की त्यानं, यावर आमच्यात अजून वाद आहे.

अक्कांना इतक्या वर्षांत उत्तर द्यायला वेळ लागलेला मी पाहिला नव्हता. तेव्हा लागला. त्यांनी वाटीवरची ताटली काढून बाजूला ठेवली. मग त्याही चोपड्याच्या बोलीत उतरल्या. "नही रे भाऊ. सकायपासून काहीच खादं नही." आणि म्हणाल्या, "दार उघडलं."

खोलीत एकदम कल्ला झाला. मोबाइलवाला मोबाइल विसरला, चहावाला दारातून परत आला. इरफान मात्र नियमाचा माणूस. तो वाकून हळूच म्हणाला, अक्का, प्रश्न तो नव्हता.

अक्का म्हणाल्या, "उभी नोकरी चौकशीच्या खिडकीत बसून काढली, इरफान. गाड्यांची चौकशी सगळ्यांनी केली. माझी आज झाली."

इरफाननं चष्मा काढून पुसला. तो चष्मा मीच दिलेला, त्याच्या काचांना तेव्हा काही झालं नव्हतं. भटूभाऊनं शेजारच्या खानावळीतून वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मागवली आणि अक्कांचं पोट भरल्याशिवाय आपल्या वीराला दारातून पुढे जाऊ दिलं नाही. शत्रूची फौज खिंडीखाली ताटकळत राहिली. निघताना धुळेकरांनी पुढचा थांबा कधी, असं विचारलं. ज्यानं शाळेतली कोडी म्हटलं होतं त्यानंच विचारलं. जळगावकर म्हणून माझी छाती इतकी फुगली होती की एसटीच्या सीटवर मला अर्ध्या जागेत, आरएसीवर बसल्यासारखं वाटायला लागलं.

मी अक्कांच्या शेजारी बसलो होतो. गाडी धुळ्याबाहेर पडली आणि त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की भरतात मिरची थोडी कमी होती. मग म्हणाल्या, त्यांची आई कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, त्याला वेगळाच वास यायचा. मग आईबद्दल, मग चोपड्याच्या घराबद्दल, मग भुसावळच्या त्या खिडकीबद्दल, जिथे काचेला एवढंसं भोक होतं आणि समोरच्या माणसाचा नुसता हात दिसायचा. पारोळं गेलं, एरंडोल गेलं. अक्का जळगाव येईपर्यंत बोलत होत्या आणि मी त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता.