सरांचं नाव गेलं कुठं?

ताईच्या प्रबंधाची संदर्भसूची अर्ध्या तासात लावून देतो, असं मी तिला छातीठोकपणे सांगितलं होतं. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. सातशे मुलांचे दाखले एका बटणावर छापतो. दीडशे संदर्भांचं काय घेऊन बसलात!

ताईने सहा वर्षं गांडुळांवर संशोधन केलं होतं. शुक्रवारी पाचच्या आत प्रबंध जमा करायचा होता, आणि त्याआधी तिच्या मार्गदर्शक सरांची सही हवी होती. संदर्भ सगळे एका सॉफ्टवेअरमध्ये भरून तयार होते. ते सूचीत आणि मजकुरातल्या कंसांत छापताना आडनाव आधी की साल आधी, हे एक छोटी फाइल ठरवते. तिला स्टाइल म्हणतात. विद्यापीठाच्या नियमांशी जुळणारी स्टाइल काही सापडेना, म्हणून मी त्यातल्या त्यात जवळची एक उतरवून घेतली आणि तिच्यात हात घातला.

"तुला नक्की जमतंय ना?" ताईने विचारलं.

"तू चहा ठेव."

स्वल्पविराम हलवले, साल कंसात घातलं. मग 'आणि इतर'ची जागा आली. लेखक फार असले की पहिलं नाव छापून बाकीच्यांची 'आणि इतर'वर बोळवण करतात. तिथे एक आकडा भरायचा होता. मला वाटलं, किमान किती नावं दाखवायची ते विचारतायत. मी उदार मनाने दोन लिहिलं. सॉफ्टवेअरने त्याचा अर्थ घेतला, दोन लेखक दिसले की दुसऱ्याला छाटा.

सूची देखणी दिसत होती. ताईने प्रबंध छापून सरांना नेऊन दिला.

गुरुवारी सकाळी शाळेत तिचा फोन आला. "सर सही करत नाहीयेत. लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी ये."

सर आणि मॅडम नवरा-बायको, एकाच विभागात शिकवणारे. गांडुळांवरचे लेख दोघांनी मिळून लिहिलेले. पहिलं नाव मॅडमचं, दुसरं सरांचं.

"एकशे छप्पन्न संदर्भ," सर शांतपणे म्हणाले. "त्यातले एकेचाळीस लेख माझे. मी कुठे आहे?"

"इतरांमध्ये," मॅडम पेपरातून डोकं वर न काढता म्हणाल्या.

सरांनी ताईकडे पाहिलं. "असं करायला तुम्हाला मॅडमनी सांगितलं का?"

ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मुकाट्याने लॅपटॉप उघडला. दोनचे दोनशे केले. म्हटलं, आता कुणाचंच नाव गळायला नको.

सरांचं नाव एकेचाळीस ठिकाणी परत आलं. ते खुर्चीत जरा सैल झाले आणि पडद्यावरची पानं वाचू लागले. त्रेसष्टाव्या पानावर थांबले.

'गांडुळांमुळे जमीन' इथवर वाक्य ठीक होतं. मग कंस उघडला होता. कुठल्याशा मोठ्या प्रयोगाचा लेख, चौऱ्याण्णव लेखक. कंस पुढच्या पानावर मिटला होता, आणि त्यानंतर लिहिलं होतं, 'भुसभुशीत होते.'

"काय होते?" सरांनी पान मागे घेत विचारलं.

"भुसभुशीत," ताई अगदी बारीक आवाजात म्हणाली.

मॅडमनी पेपर खाली ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग ताईकडून विद्यापीठाची नियमपुस्तिका मागून घेतली, एक पान वाचलं आणि मला म्हणाल्या, "चार घाला."

मी चार घातलं. चौऱ्याण्णव माणसं एका ओळीत मावली, सर जागेवर राहिले. ताई कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी प्रत छापून घेऊन आली, आणि सरांनी सही केली.

मॅडम कपबशा घेऊन आत गेल्या. सर माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "तुम्हाला यातलं बरंच कळतं. समजा, दोन लेखक नवरा-बायको आहेत. तर नवऱ्याचं नाव आधी घेता येईल का?"

"ऐकू येतंय मला," आतून आवाज आला.

"मला यातलं काहीही कळत नाही, सर," मी म्हणालो.

ताईने लगेच मान डोलावली.