वरवंडच्या नूडल्सचा निवाडा

माणूस गेल्यावर मागं राहिलेल्यानं काय खावं, हा निर्णय त्याच्या एकट्याच्या पोटावर सोडून चालत नाही. पोट फार स्वार्थी असतं. त्याला दुसऱ्या दिवशीसुद्धा भूक लागते. म्हणून जाणत्या लोकांनी ही जबाबदारी पूर्वीच भावकीकडं सोपवली, आणि भावकीनं ती आजवर कधी झटकलेली नाही. (इतर काही जबाबदाऱ्या झटकल्या असतील, पण त्यांत जेवण नव्हतं.)

वरवंडजवळच्या वस्तीवर जयसिंग कोळप्याची बायको कस्तुराबाई गेली, तेव्हा ही व्यवस्था त्याच दिवशी सुरू झाली. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारून पिठलं-भाकरी आली. त्याला कडू घास म्हणतात. पुढं तेराव्यापर्यंत घराघरांतून आळीपाळीनं डबे आले. तेराव्यानंतर काय, याबद्दल रिवाज गप्प आहे, कारण रिवाज पडला तेव्हा प्रत्येक घरात सून असायची. जयसिंगची सून पूनम पिंपरीच्या फ्लॅटमध्ये होती. तेव्हा डबे चालूच राहिले.

या व्यवस्थेला शेवटही नेमून दिलेला आहे. भावकी एकत्र बसते, दुःख झालेल्या माणसाला आपल्या हातानं गोड घास भरवते, आणि दुखवटा उतरतो. तोपर्यंत त्या घरात संध्याकाळचा दिवा लागला पाहिजे. जयसिंगच्या मुलानं, ज्ञानूनं, हे सगळं लक्षात घेऊनच सांगून ठेवलं होतं, की दुखवटा उतरला की आण्णांना पिंपरीला नेणार आणि घराला कुलूप लावणार. मुलगा चांगला होता. फ्लॅटही चांगला होता, त्यात लिफ्ट होती. पण जयसिंगला जायचं नव्हतं. का, ते चारचौघांत सांगता येण्यासारखं नव्हतं. कस्तुराबाईचा हात फिरलेल्या वस्तू फ्लॅटात मावल्या नसत्या, आणि त्यांतली एक वस्तू म्हणजे मागच्या अंगाची भिंत होती.

थोडक्यात, दुखवटा जितका टिकेल तितकं जयसिंगचं घर टिकणार होतं. आपल्या दुःखाची मुदत वाढावी असं वाटणारा तालुक्यातला तो बहुधा एकमेव माणूस असावा.

अडचण डब्यांची होती. डबा नुसता पोचवायचा नसतो. आणणाऱ्या बाईनं जेवण संपेपर्यंत समोर बसायचं असतं. या बायांचे तीन प्रकार पडतात. पहिल्या रडतात. दुसऱ्या जयसिंगला रडवतात. तिसऱ्या आपलं गुडघ्याचं दुखणं सांगतात. जयसिंगला या तिसऱ्या त्यातल्या त्यात बऱ्या वाटायच्या, कारण गुडघा तरी जिवंत माणसाचा असायचा. पण प्रकार कुठलाही असो, पहिल्या घासाला प्रत्येक बाई म्हणायचीच, "कस्तुराच्या हाताची चव न्हाई बगा आमच्या हाताला." आणि मग त्याच्या तोंडाकडं बघत थांबायची. 'व्हय' म्हणावं तर डब्याचा अपमान, 'न्हाई' म्हणावं तर कस्तुराबाईचा. जयसिंग यावर तोंडात भाकरी कोंबायचा. बोलायची वेळ टळायची, पण ती भाकरी घशाखाली उतरायची नाही. सदरा अंगावर लोंबायला लागला. ते पाहून भावकीला कणव आली आणि डबे वाढले.

अशा परिस्थितीत एका संध्याकाळी तो वरवंडच्या चौकात शंभूच्या चायनीजच्या गाडीवर जाऊन बसला.

चायनीजच्या गाडीबद्दल आपल्याकडं पुरेशा आदरानं लिहिलं गेलेलं नाही. शंभू मूळचा कवठे येमाईचा. ही विद्या तो पुण्यात हडपसरला शिकला. (चीनला जायची गरज पडली नाही.) गाडीवर 'ड्रॅगन चायनीज' अशी पाटी होती. ती रंगवणाऱ्या पेंटरनं ड्रॅगन पाहिलेला नव्हता, मेंढा पाहिला होता, त्यामुळं ड्रॅगनला आपल्याकडची शिंगं होती. पाटीखाली चाळीस पदार्थांची नावं होती, आणि ते चाळीसही कोबीचे होते. चीनमध्ये कोबी किती पिकतो याचे आकडे मिळत नाहीत, पण वरवंडमध्ये पिकलेला निम्मा कोबी संध्याकाळी सातनंतर चिनी होत असे. बसायला लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर लाल, हिरवी आणि काळी अशा तीन बाटल्या. कुरकुंभच्या कंपन्यांतून सुटलेली माणसं तिथं शेजारी शेजारी बसून, एकमेकांची काहीही चौकशी न करता, जेवत असत.

शंभूनं कढई आपटली आणि विचारलं, "आबा, तिखट कमी का जास्ती?"

ज्याला उत्तर आहे असा प्रश्न जयसिंगला कितीतरी दिवसांत कुणी विचारला नव्हता.

"जास्ती," तो म्हणाला.

समोर नूडल्स आल्या. हमरस्त्यावरच्या सगळ्या हॉटेलांच्या पाट्यांवर 'घरच्यासारखी चव' असं लिहिलेलं असतं, आणि जयसिंग त्या पाट्या टाळून चालायचा. या पदार्थाची चव कुणाच्याच घरच्यासारखी नव्हती. त्यानं सगळी प्लेट संपवली. मध्येच डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्याच्याही येत होतं, पलीकडच्याच्याही येत होतं. "पानी घ्या आबा, शेजवान लागला," एवढंच शंभू म्हणाला. शेजवान चटणीचं हे सामाजिक कार्य अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

जयसिंग अधूनमधून जाऊ लागला. सदरा परत अंगाबरोबर बसायला लागला, आणि तिथंच घोटाळा झाला. गुरुवारी बाजाराच्या दिवशी त्याची थोरली बहीण भागुबाई चौकातून चालली होती. तिनं प्लेटमध्ये वाकून पाहिलं.

"जयसिंगा, शेवया खातूस व्हय रं?"

"न्हाई आक्का. नूडल्स हायेत."

"मला शिकीव आता. सत्तर वर्सं शेवया वळल्यात म्या."

दुसऱ्या दिवशी बिरोबाच्या देवळात भावकी बसली. प्रकरण वरवर दिसतं तितकं साधं नव्हतं. शेवया हा गोड पदार्थ आहे, याबद्दल दुमत नाही. गोड पदार्थ खाल्ला की दुखवटा उतरतो. सबब, जयसिंगनं भावकीला न विचारता, चौकात, परक्या माणसाच्या हातून, आपला दुखवटा आपणच उतरवून घेतला होता. दुखवटा उतरला तर दिव्याची गरज उरली नाही, आणि दिव्याची गरज नाही तर घराचीही नाही. इतकं शुद्ध तर्कशास्त्र कोर्टातही ऐकायला मिळत नाही. पिंपरीला फोन गेला. रविवारी टेम्पो घेऊन ये, असं ज्ञानूला सांगितलं गेलं.

"त्या तिखट हायेत," जयसिंग देवळात म्हणाला.

भावकीत सगळ्यात वडील म्हाळूआप्पा. ते म्हणाले, "तू उनानं काळा पडला म्हनून आमी तुला वळखायचं सोडलं व्हय? रूप बगायचं आस्तं."

तरीही आप्पा न्यायी होते. माल न पाहता निकाल देणं त्यांना पटेना. रविवारी संध्याकाळी भावकीचे जाणते, भागुबाई आणि आरोपी असे सगळे शंभूच्या गाडीवर जाऊन लाल खुर्च्यांवर बसले. ज्ञानू रस्त्याच्या कडेला टेम्पो लावून आला.

"आण्णा, चला आता. भांडी मी भरतो, तुमी नुसतं बसा."

"बसलोच हाय की," जयसिंग म्हणाला.

तपासणी सुरू झाली. भागुबाईनं एक नूडल दोन बोटांत धरून उजेडात ताणली. "पीठ बारीक हाय. हात कुनाचा?"

"पाकिटात येत्यात, मावशी," शंभू म्हणाला.

"आन् दूदगूळ न्हाई घालत?"

"तुमी म्हनला तर घालू की."

या उत्तरानं जयसिंगची बाजू पार उघडी पडली. जाणत्यांनी माना हलवल्या. म्हाळूआप्पांनी पुरावा अपुरा वाटल्यानं आणखी एक प्लेट मागवली, तीही मन लावून तपासली, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "जयसिंगा, आता तूच बोल. कस्तुराच्या शेवया जलमभर खाल्ल्यास. बिरोबाला स्मरून सांग, ह्या शेवया हायेत का न्हाईत?"

जयसिंगनं प्लेट आपल्याकडं ओढली. ज्ञानूनं टेम्पोची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"आमची कारभारीन शेवया करायची," जयसिंग म्हणाला, "तवा अंगनात बाजंवर वाळत घालायची. आन् मला म्हनायची, बसा राखनीला. मी काठी घिऊन बसायचो. कावळं यायचं, कोंबड्या यायच्या. ती आतून वरडायची, झोपला काय? मी म्हनायचो, जागा हाय." त्यानं प्लेट थोडी पुढं सारली. "ह्यांच्या राखनीला मी कवा बसलो न्हाई. शेवया न्हाईत ह्या."

कढई गार पडत होती, पण शंभूनंही ती हलवली नाही. भागुबाईनं पदर डोळ्यांना लावला. "शेजवान लई हाय रं," ती म्हणाली.

म्हाळूआप्पांनी निकाल दिला: ज्या वाळवणाला राखण लागत नाही, त्याला शेवया म्हणता येत नाही, सबब दुखवटा कायम, दिवा कायम. वडिलांजवळची खुर्ची ओढून ज्ञानू थोडा वेळ बसला, आणि मग पूनमसाठी एक पार्सल घेऊन रिकामा टेम्पो पिंपरीला घेऊन गेला.

मात्र हा निकाल फक्त नूडल्सपुरता होता. पाटीवरच्या उरलेल्या एकोणचाळीस पदार्थांत कुठं गोड लपलेलं असेल, सांगता येत नव्हतं. (मंचुरियन दिसायला थेट गुलाबजामासारखं, ही हरकत भागुबाईनं जागेवरच घेतली.) म्हणून दर गुरुवारी एक पदार्थ तपासायचा असं ठरलं. सगळे पदार्थ तपासून होईपर्यंत गोड घासाची तारीख धरता येत नाही, आणि एकदा तपासलेला पदार्थ पुन्हा तपासू नये असा काही नियम नाही. मंचुरियनची सुनावणी सध्या सहाव्यांदा चालू आहे. म्हाळूआप्पांना ड्राय आणि ग्रेव्ही यांत फरक करावा लागतो.

त्यामुळं जयसिंगचं घर उघडं आहे. इतर वारी डब्याची पाळी उरकली की तो गाडीवर जातो. गुरुवारी तिथं सगळी भावकी असते आणि डबाही येत नाही, म्हणून तो घरीच थांबतो आणि जमेल तशी भाकरी थापतो. ती एका बाजूनं करपते. शांतपणे खाता येते.

इथवर वाचल्यावर तुम्हांला नूडल्स सोडून एकच गोष्ट विचारायची राहिली असेल: कस्तुराबाई गेल्या तरी कशानं? त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळेच विचारतात. वस्तीवर कुणालाही घर विचारा, कुणीही दाखवील. जाताना डबा तेवढा न्या, आणि तो जेवेपर्यंत समोर बसा. गुरुवारची पाळी सध्या मोकळीच आहे.